फ्लेमिंगो नेमका कोणाच्या नात्यातला?

दर हिवाळ्यात मुलांना ठाणे खाडीवर रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, दाखवायला नेणाऱ्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न आहे. शाळेत लावण्यासाठी त्या माहितीफलक करताहेत आणि वर्गीकरणापाशी अडल्या आहेत. घरच्या जुन्या पुस्तकात फ्लेमिंगो बगळे-करकोच्यांच्या गणात आहे आणि शास्त्रीय नाव दिलंय फिनिकॉप्टेरस रूबर. नव्या पुस्तकात त्याचा गण स्वतंत्र आहे आणि नाव फिनिकॉप्टेरस रोझियस. त्यातच एका व्याख्यानात त्यांनी ऐकलं की फ्लेमिंगोची सगळ्यात जवळची नातेवाईक म्हणजे आपल्या तळ्यांवरची टिबुकली. त्या विचारतात, ‘यातलं खरं काय मानू? आणि मुलांनी "असं कसं?" म्हटलं तर काय सांगू?’

पक्ष्यांचे सांगाडे आणि कातडी हाताळण्यात आणि हाच विषय शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मुलांच्या ‘असं कसं’ला नीट उत्तर मिळावं असं मला फार वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फलकापुरतं. सृष्टी प्राणी, संघ समपृष्ठरज्जू, वर्ग पक्षी, गण फिनिकॉप्टेरिफॉर्मिस, कुल फिनिकॉप्टेरिडी. या गणात आज जिवंत असलेलं हे एकच कुल आहे. कुलात साधारणपणे तीन प्रजाती आणि सहा जाती मानतात. (शालेय पुस्तकांप्रमाणे मी ‘जीनस’ला प्रजाती आणि ‘स्पीशीज’ला जाती म्हणतोय.) आपल्याकडे त्यातल्या दोन जाती दिसतात: मोठा रोहित, म्हणजे फिनिकॉप्टेरस रोझियस, आणि छोटा रोहित, म्हणजे फिनिकोनायस मायनर. व्याख्यानात ऐकलेलं टिबुकलीचं नातंही बरोबर आहे. आज त्यावर गंभीर वाद राहिलेला नाही.

तुमचं जुनं पुस्तक चुकीचं छापलेलं नाही, ते त्याच्या काळाचं आहे. फ्लेमिंगोचा पत्ता अडीचशे वर्षांत जितक्यांदा बदलला तितका फार थोड्या पक्ष्यांचा बदलला असेल. तो का बदलत गेला हे कळलं की वर्गीकरण म्हणजे पाठांतराची यादी नाही, हे मुलांना आपोआप कळतं.

शास्त्रीय नावांची आजची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 साली फ्लेमिंगोला नाव दिलं, तेव्हा त्याच्यापुढे अमेरिकेतला गडद लाल फ्लेमिंगो होता. मार्क केट्सबी या निसर्गअभ्यासकाने बहामा बेटांवरच्या पक्ष्याचं वर्णन आणि चित्र आधीच प्रसिद्ध केलं होतं, लिनियसने त्याचा आधार घेतला. त्याने हा पक्षी ‘ग्रॅली’ या गटात टाकला. चिखलात, उथळ पाण्यात चालणारे लांब पायांचे बहुतेक पक्षी त्याने तिथेच ठेवले होते. लांब पाय आणि लांब मान बघून बगळा-करकोचा आठवणं अगदी स्वाभाविक आहे. कितीतरी भारतीय ग्रंथांनी पुढे दोनशे वर्षं हीच मांडणी पाळली.

पण फ्लेमिंगो हातात घेतला की करकोच्याची कल्पना डळमळायला लागते. त्याच्या पुढच्या तीन बोटांमध्ये पूर्ण पडदा असतो. चोचीच्या कडांना आतून बारीक पापुद्र्यांची ओळ असते आणि तिची चाळण होते. आवाज हंस-बदकांसारखा घोगरा आणि गोंगाटी. पिल्लं अंगावर लव घेऊन जन्मतात आणि काही दिवसांतच घरट्यातून उतरून चालायला लागतात. ही सगळी लक्षणं बदकांची. त्यात पिसांतल्या उवांची भर पडली. पक्ष्यांच्या उवा सहसा यजमान पक्ष्याला चिकटून पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, म्हणून नाती शोधताना त्या बघायची जुनी पद्धत आहे. फ्लेमिंगोच्या अंगावर सापडणाऱ्या उवांच्या तीन प्रजाती बदक-हंसांच्या अंगावरही सापडतात. एवढा पुरावा हाताशी असताना कोणी बदकांकडे वळलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

टी. एच. हक्सले या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने 1867 मध्ये टाळूच्या हाडांवरून पक्ष्यांची नवी मांडणी केली. फ्लेमिंगोपाशी आल्यावर त्याने त्याला ना बदकांत घातलं ना करकोच्यांत. दोघांच्या मधोमध त्याचा एक वेगळा गट केला. पुरावा दोन्हीकडे ओढत असताना कुठल्याही एका बाजूला ढकलण्याची घाई त्याने केली नाही, याबद्दल मला त्याचा नेहमीच आदर वाटत आला आहे.

तिसरा पक्ष उशिरा आला. 1980 मध्ये स्टॉर्स ओल्सन आणि अ‍ॅलन फेडुशिया यांनी फ्लेमिंगोचं नातं किनारी पक्ष्यांशी, विशेषतः ऑस्ट्रेलियातल्या पट्टेरी शेकाट्याशी जोडलं. शेकाट्या तुम्ही भिगवणला किंवा कुठल्याही पाणथळीत पाहिला असेलच: काळा-पांढरा, लाल काड्यांसारखे पाय. त्याचा हा ऑस्ट्रेलियन भाऊबंद खाऱ्या सरोवरांत हजारोंच्या वसाहती करतो आणि त्याच्या बोटांनाही पडदे असतात. हाडांचा आणि स्नायूंचा त्यांचा अभ्यास बारकाईचा होता, आणि बरीच वर्षं तो गांभीर्याने घेतला गेला.

आता या तिन्ही मतांचा पाया बघा. लांब पाय, पडदेदार बोटं, गाळणी चोच, खाऱ्या पाण्यातली वसाहत. ही सगळी पोट भरण्याची आणि जगण्याची साधनं आहेत. उथळ पाण्यात चालून खायचं असेल तर पाय लांब लागतात, मग तुम्ही कोणत्याही कुळातले असा. पेणच्या मिठागरात राबणारा आणि कच्छच्या रणात मीठ पिकवणारा, दोघांच्या हातात एकाच घडणीचं लाकडी अवजार दिसतं, म्हणून कोणी त्यांची भाऊबंदकी ठरवत नाही. सारख्या जागी सारखं काम करावं लागलं की वेगवेगळ्या कुळांत सारखी शरीरं घडतात. जीवशास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात, आणि फ्लेमिंगो हे तिचं अतिशय फसवं उदाहरण आहे, कारण त्याच्या अंगावरची जवळजवळ प्रत्येक ठळक गोष्ट कामाची आहे. नातं शोधायचं तर बिनकामाच्या, डोळ्यांत न भरणाऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

2001 मध्ये मार्सेल व्हॅन टायनेन आणि सहकाऱ्यांनी पाणपक्ष्यांच्या डीएनएवरून जे नातं मांडलं, त्याची अपेक्षा कोणीच केली नव्हती. फ्लेमिंगोच्या सगळ्यात जवळ आली ती टिबुकल्यांची फांदी. टिबुकली म्हणजे पोडिसिपेडिफॉर्मिस गणातला पक्षी. बुटका, पाय शरीराच्या अगदी मागे, बोटांना पडद्याऐवजी सुट्या पाळ्या, सूळकन बुडी मारणारा, जमिनीवर धड चालताही न येणारा. दोघांना शेजारी ठेवलं तर साम्य शोधूनही दिसत नाही. अनेकांना पहिल्यांदा ही आकडेमोडीतली गफलत वाटली.

जर्मनीत फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संस्थेतल्या गेराल्ड मायर यांनी हा निकाल सांगाड्यांवर तपासला आणि 2004 मध्ये निष्कर्ष छापले. माझ्या मते या सगळ्या कथेतलं हे सर्वांत सुंदर काम आहे, कारण ज्या हाडांकडे आम्ही सगळे इतकी वर्षं बघत होतो त्यांतच उत्तर पडून होतं. मायर यांनी दाखवलेल्या खुणांपैकी काही संग्रहालयातल्या कोणत्याही बऱ्या नमुन्यावर पडताळता येतात, त्या सांगतो.

पंख पसरून मनगटाच्या पुढची मोठी उड्डाणपिसं मोजा. बहुसंख्य पक्ष्यांत ती दहा भरतात. फ्लेमिंगोत अकरा आणि टिबुकलीतही अकरा. (करकोच्यांतही अकरा असतात, त्यामुळे ही एकच खूण पुरेशी नाही.) मग पाठीचा कणा. छातीच्या भागातले निदान चार मणके दोघांतही एकमेकांत जुळून एक ताठ हाड होतं. मग पायाचं नख उलटसुलट करून पाहा. टोकदार, वाकडा पंजा अपेक्षित असतो, पण दोघांचीही नखं आपल्या नखासारखी रुंद आणि चपटी. टिबुकलीचं नख मी पहिल्यांदा भिंगाखाली धरलं तेव्हा ते एखाद्या पक्ष्याचं आहे यावर विश्वास बसेना.

आणि अंडं. फ्लेमिंगोच्या अंड्यावर खडूसारखा पांढरा थर असतो, हाताला भुकटी लागते. तो थर एके ठिकाणी हलकेच खरवडला की खालच्या कवचाची फिकट निळसर छटा दिसते. टिबुकलीच्या अंड्यालाही तसाच थर. पक्ष्यांचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, पण या दोघांवरचा वरचा थर कॅल्शियम फॉस्फेटचा आहे, आणि तोही स्फटिक नसलेल्या रूपातला. एका फ्लेमिंगोच्या जीवनक्रमात आणि एका टिबुकलीच्या जीवनक्रमात काडीचं साम्य नाही. एक चिखलाचा बुरूज रचून त्यावर एक अंडं घालतो, दुसरी पाण्यावर तरंगणाऱ्या पाणवनस्पतींच्या ढिगावर चार-पाच. तरी दोघांच्या अंड्यांना एकच मुलामा. असल्या खुणा वारशानेच येतात.

पोटातले परजीवीही याच बाजूने बोलले. अमाबिलिइडी नावाचं फीतकृमींचं एक कुल आहे. त्यातले कृमी टिबुकल्यांत आणि फ्लेमिंगोंतच सापडतात. आणि बदकांशी जुळणाऱ्या त्या उवा? 2006 मध्ये त्यांचाही डीएनए तपासला गेला. फ्लेमिंगोच्या उवांचं जवळचं नातं टिबुकल्यांच्या उवांशी निघालं. बदकांकडे त्या यजमान बदलून पोचल्या असाव्यात. एकाच खाजणात दोघं खेटून राहिले की उवांना घर बदलायला कितीसा वेळ लागतो! कित्येक वर्षं बदकांच्या बाजूने साक्ष देणारा पुरावा असा उलटला.

या जोडगटाला 2005 मध्ये मिरांडॉर्निथीस असं नाव मिळालं. फ्लेमिंगोचा गण आणि टिबुकल्यांचा गण स्वतंत्रच राहिले आहेत, फक्त त्यांची फांदी एक आहे. मुलांना हे नीट सांगा, नाहीतर ‘फ्लेमिंगो म्हणजे मोठी टिबुकली’ असा समज होईल. एकापासून दुसरा झालेला नाही. दोघांचा एक समान पूर्वज होता, आणि तो फ्लेमिंगोही नव्हता, टिबुकलीही नव्हता.

मग तो कसा असेल? थोडा अंदाज जीवाश्मांवरून येतो. पॅलेलोडस नावाचा नामशेष पक्षी फ्रान्समध्ये सापडलेल्या हाडांवरून 1863 मध्ये आल्फोंस मिल्न-एडवर्ड्स यांनी वर्णिला. तो ऑलिगोसीन आणि मायोसीन काळातला, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, आणि फ्लेमिंगोच्या वंशरेषेवरचा मानला जातो. त्याचे पाय आजच्या फ्लेमिंगोपेक्षा आखूड होते आणि पायाच्या हाडांची ठेवण पोहणाऱ्या पक्ष्यासारखी होती. म्हणजे फ्लेमिंगोंच्या पूर्वजांनी आधी पोहून पाहिलं आणि मग लांब पायांवर उभं राहायला घेतलं, असं म्हणायला जागा आहे. स्पेनमधल्या एब्रो नदीच्या खोऱ्यातून 2012 मध्ये मायोसीन काळातलं एक घरटं वर्णिलं गेलं. काड्या-पानांचं, पाण्यात रचलेलं, आणि आत पाच अंडी. कवचाच्या रचनेवरून अंडी फ्लेमिंगोंच्या गणातल्या पक्ष्याची ठरली. पण घरट्याची तऱ्हा बघा, सगळी टिबुकलीची! मला या एका शोधाचं फार अप्रूप वाटतं. हाडं आणि डीएनए जे सांगत होते, ते एका पक्ष्याने घरटं बांधून ठेवून दाखवलं.

मुलांपैकी कोणी चुणचुणीत असेल तर विचारेल, ‘मग फ्लेमिंगो-टिबुकलीच्या जोडीचा पुढचा नातेवाईक कोण?’ इथे काम अजून चालू आहे, आणि ते तसंच सांगावं. 2014 मध्ये 48 पक्ष्यांचे संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, ताडून पाहिले तेव्हा ही जोडी कबुतरं, पखुर्ड्या आणि मादागास्करचे मेसाइट नावाचे पक्षी यांच्याजवळ आली. ते ऐकून अनेकांना लगेच आठवलं की कबुतर आणि फ्लेमिंगो दोघंही पिल्लांना अन्नमार्गात तयार होणारं ‘दूध’ पाजतात. फ्लेमिंगोचं लालसर असतं आणि नर-मादी दोघंही ते देतात. पण तसं दूध एम्परर पेंग्विनही देतो, तेव्हा त्यावर नातं टांगता येत नाही. 2015 च्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात हीच जोडी किनारी पक्ष्यांजवळ दिसली. मग 2024 मध्ये 363 जातींचे जीनोम वापरून नवं झाड मांडलं गेलं, आणि त्यात फ्लेमिंगो-टिबुकलीची फांदी कबुतरांपासून सुटी झाली. त्याच सुमारास हेही उमगलं की 2014 चा निकाल बऱ्याच अंशी एका गुणसूत्रावरच्या, चौथ्या गुणसूत्रावरच्या, सुमारे 2 कोटी 10 लाख डीएनए-अक्षरांच्या तुकड्यामुळे वाकडा झाला होता. पक्ष्यांच्या मोठ्या फांद्या फुटत होत्या त्या काळात या तुकड्यात जनुकांची नेहमीची सरमिसळ जवळपास थांबली होती. त्यामुळे तो अख्खा तुकडा एकगठ्ठा पुढे आला आणि त्याने खोटं नातं ठळक करून दाखवलं. इतका डीएनए हाती असूनही फसगत झाली, म्हणून जुन्या मंडळींच्या लांब पायांना मी हसत नाही.

फलकासाठी या सगळ्याची गरज नाही. फ्लेमिंगो आणि टिबुकली ही जोडी 2014, 2015 आणि 2024, तिन्ही झाडांत जशीच्या तशी टिकली आहे. फलकावर तेवढंच ठेवा.

आता नावाचा घोळ, रूबर की रोझियस. लिनियसचा रूबर हा अमेरिकेतला: कॅरिबियन बेटं, युकातान, गालापागोस. अंगभर शेंदरी-लाल. आपला मोठा रोहित, जो आफ्रिका, दक्षिण युरोप, इराण, कच्छ असा पसरला आहे, त्याला 1811 मध्ये पालास या निसर्गअभ्यासकाने रोझियस असं नाव दिलं. तो अंगाने पांढरट-गुलाबी, पंखांचा वरचा भाग तेवढा लाल-गुलाबी, उड्डाणपिसं काळी. बरीच वर्षं या दोघांना एकाच जातीच्या दोन उपजाती मानत. नामकरणाच्या नियमानुसार जुनं नाव टिकतं, म्हणून पूर्ण जातीला रूबर म्हणायचे आणि आपल्याकडच्या पुस्तकांतही तेच नाव यायचं. 2000 नंतरच्या काही वर्षांत पक्षीतज्ज्ञांनी रंग, चोच, आवाज आणि प्रणयनृत्यांतले फरक मोजून दोघांना स्वतंत्र जाती मानलं, आणि आपल्या पक्ष्याला त्याचं रोझियस परत मिळालं. पक्षी तोच, रणातली वसाहत तीच.

बाकीच्या चार जाती (पुढे दिलंय ते जातीला नाव देणाऱ्याचं नाव आणि साल). दक्षिण अमेरिकेतला चिली फ्लेमिंगो, फिनिकॉप्टेरस चिलेन्सिस, मोलिना, 1782. राखाडी पायांवर गुडघ्यासारख्या सांध्यापाशी गुलाबी पट्टा ही त्याची ओळख. (तो सांधा खरं तर घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. मुलांना हे सांगितलंच पाहिजे.) अँडीज पर्वतातले दोन: अँडियन फ्लेमिंगो, फिनिकोपॅरस अँडिनस, फिलिप्पी, 1854, पिवळ्या पायांचा, आणि जेम्सचा फ्लेमिंगो, फिनिकोपॅरस जेम्सी, स्क्लेटर, 1886. जेम्सचा फ्लेमिंगो नामशेष झाला असं विसाव्या शतकात बरीच वर्षं मानलं जात होतं, 1950 च्या दशकात तो पुन्हा सापडला. या दोघांना मागचं बोट नसतंच, तेवढ्यावरून त्यांची प्रजाती वेगळी ओळखू येते. आणि सहावा आपला छोटा रोहित, जॉफ्रॉय सेंट-हिलेर, 1798. कोणत्याही जातीच्या उपजाती आज मानत नाहीत, म्हणून फलकावर तिसरं नाव लिहू नका.

आता शिवडीच्या किंवा ऐरोलीच्या चिखलावर मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल असा भाग, आणि माझ्या दृष्टीने हाच सगळ्यांत महत्त्वाचा. सहा जातींच्या झाडाला मुळाशी दोनच फांद्या आहेत. एका फांदीवर फिनिकॉप्टेरसच्या तीन जाती: मोठा, अमेरिकन, चिली. दुसऱ्या फांदीवर छोटा रोहित आणि अँडीजमधले दोघं. म्हणजे खाडीत शेजारी शेजारी मान खाली घालून खाणारे मोठा आणि छोटा रोहित हे फ्लेमिंगोंच्या कुलातले एकमेकांचे दूरचे नातलग आहेत. छोट्याचे जवळचे नातेवाईक बोलिव्हिया आणि चिलीच्या सरोवरांवर, चार हजार मीटरच्या आसपास उंचीवर राहतात. फ्लेमिंगोंच्या दोन्ही शाखा एकाच दुर्बिणीच्या चौकटीत दिसाव्यात, अशा जागा जगात मोजक्याच, आणि ठाणे खाडी त्यातली एक. हे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. तिथल्या फलकांवर ही गोष्ट मोठ्या अक्षरांत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दोन शाखांमधला फरक चोचीत आहे. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी, टोक काळं. तिचा वरचा जबडा तुलनेने पसरट आणि उथळ, म्हणून आत मधे जागा मोठी आणि चाळणही जाड. त्यात किडे, त्यांच्या अळ्या, छोटे कवचधारी जीव, बिया अडकतात. तो डोकं खोल बुडवतो, कधी जागच्या जागी पाय आपटत गोल फिरतो आणि चिखल ढवळून त्यातलं खाद्य वर काढतो. छोट्याची चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. तिचा वरचा जबडा आतल्या बाजूने कण्यासारखा खाली उतरलेला असतो आणि खालच्या जबड्यात घट्ट बसतो. मधल्या अरुंद फटीत अतिशय बारीक पापुद्र्यांची गर्दी असते. तिच्यातून गाळली जातात सूक्ष्म निळी-हिरवी शेवाळं आणि डायटम नावाची एकपेशीय शेवाळं. म्हणून छोटा पाण्याच्या वरच्या थरावरच चोच इकडून तिकडे फिरवत राहतो, अनेकदा पोहता पोहता. अँडीजमधल्या दोघांची चोचही याच खोल घडणीची. जीभ दोघांच्याही तोंडात दट्ट्याचं काम करते, मागेपुढे होऊन पाणी आत ओढते आणि चाळणीतून बाहेर फेकते. 1957 मध्ये पेनेलोप जेन्किन यांनी हे सगळं चोचींचे छेद घेऊन तपशिलात दाखवलं.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल: चोच हे तर पोट भरण्याचं अवजार, मग तिच्यावरून शाखा कशा मानायच्या? बरोबर आहे, नुसत्या चोचीवरून मानू नयेत. 2014 मध्येच, पण वेगळ्या अभ्यासात, अनेक जनुकांवरून सहाही जातींचं झाड बांधलं गेलं तेव्हा खोल चोचीचे तिघं एकत्र आले आणि उथळ चोचीचे तिघं एकत्र. डीएनएने पुष्टी केली म्हणून चोच इथे विश्वासार्ह ठरली. त्याच अभ्यासानुसार आजच्या सहा जाती फुटायला फार काळ झालेला नाही, काही दशलक्ष वर्षंच. गण अतिप्राचीन, पण हयात असलेल्या जाती भूगर्भाच्या हिशोबाने कालच्या. त्यामुळेच प्राणिसंग्रहालयांत वेगवेगळ्या जातींच्या जोड्या जमून संकरित पिल्लं होतात. जर्मनीत झ्विलब्रोकच्या दलदलीत पिंजऱ्यांतून सुटलेल्या चिली आणि मोठ्या फ्लेमिंगोंची वसाहत आहे, तिथेही असे संकर झाले आहेत.

खाडीवर ओळखताना रंगावर भिस्त ठेवू नका. गुलाबी रंग खाद्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो आणि वय, ऋतू, खाद्य यांप्रमाणे कमीजास्त होतो. छोटा रोहित बहुधा जास्त गुलाबी दिसतो हे खरं, पण फिका छोटा आणि तरतरीत मोठा यांत फसायला होतं. आधी चोचीचा रंग बघा, मग डोळा: मोठ्याचा फिकट पिवळा, छोट्याचा लालसर. दोघं शेजारी असतील तर उंची सांगतेच. मोठा सव्वा ते दीड मीटरपर्यंत, छोटा मीटरभराच्याही आत. खरी पंचाईत पहिल्या वर्षाच्या राखट पिल्लांची होते. मोठ्याच्या पिल्लाची चोच राखाडी आणि टोकाशी काळी, छोट्याच्या पिल्लाची सगळीच गडद. आणि जागाही मदत करते. ठाणे खाडीत छोटे बहुसंख्य असतात, उजनीच्या पाण्यावर भिगवणला मुख्यतः मोठे.

प्रजातींच्या बाबतीत एक सूट लक्षात ठेवा. काही लेखकांनी सहाही जाती एकाच फिनिकॉप्टेरस प्रजातीत घातल्या होत्या, त्यामुळे कुठे फिनिकॉप्टेरस मायनर असं दिसलं तर तोही आपला छोटा रोहितच. जात कोणती यावर वाद नसतो, प्रजातीची कुंपणं कुठे घालायची हा प्रश्न थोडा सोयीचा असतो. मी स्वतः तीन प्रजाती ठेवणं पसंत करतो, कारण मागचं बोट नसणं आणि चोचीची घडण हे फरक हातात धरून दाखवता येतात. फलकावर यादीचं नाव आणि साल बारीक अक्षरांत टाका. 2025 मध्ये वेगवेगळ्या जागतिक याद्या जुळवून अव्हिलिस्ट ही एकत्रित यादी आली आहे, तिचाच आधार घेतलेला बरा.

शाळेत किंवा घरी जुन्या पक्षीनोंदींच्या वह्या असतील आणि त्यांत कच्छ, भिगवण किंवा जायकवाडीच्या नोंदीपुढे ‘फिनिकॉप्टेरस रूबर’ लिहिलेलं असेल, तर ते खोडू नका. त्या काळच्या नियमाने ते बरोबर होतं. शेजारी पेन्सिलने ‘आता रोझियस’ असं लिहा आणि मूळ शाई तशीच राहू द्या. पण त्याच वह्यांत नुसतं ‘फ्लेमिंगो’ लिहिलेल्या नोंदी असतील तर जात ठरवायची घाई नको. चोचीचा रंग, अंदाजे उंची किंवा एखादं छायाचित्र सोबत असेल तरच मोठा की छोटा ते लिहा, नाहीतर कुलापर्यंतच थांबा.